मिथेनच्या ज्योतीचं सिम्युलेशन: एम की व्ही, हे भिंत ठरवते

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्टुटगार्टच्या डीएलआर या जर्मन अवकाश-संशोधन संस्थेत ज्याच्यावर मोजमापं झाली तो प्रेसिन्स्टा स्वर्ल बर्नर (मिश्रणाला फिरकी देऊन जाळणारा) ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा केला आहे. इंधन मिथेन, फाय (इंधन-हवेचं प्रमाण, नेमकं पुरेल तेवढं म्हणजे 1) 0.83, औष्णिक शक्ती 30 किलोवॅट, पद्धत एलईएस, म्हणजे मोठे भोवरे थेट सोडवणारी. भिंती अडायबॅटिक (उष्णता अजिबात बाहेर न जाऊ देणाऱ्या) ठेवल्या की ज्योत इंग्रजी एमच्या आकाराची येते, प्रयोगात मात्र ती व्हीसारखी आहे. भिंती 300 केल्विनवर नेल्या की ज्योत उचलली जाते आणि विझते. त्याआधी एडी डिसिपेशन मॉडेलवर हीच केस चालवली होती, तेव्हा ज्योत विझत नव्हती, पण भिंतीला चिकटून जळत होती. आता मेश (गणनेची जाळी) बारीक करावा, की मोठी केमिस्ट्री, म्हणजे जास्त अभिक्रियांची यादी घ्यावी?

आत्ता दोन्ही नको. तुमचा घोळ भिंतीच्या तापमानाचा आहे. अडायबॅटिक आणि 300 केल्विन ही दोन टोकं आहेत, आणि खरी भिंत या दोन्हींच्या मध्ये, तीही जागोजागी वेगळ्या तापमानाला असते. ते तापमान जवळपास बरोबर आल्याशिवाय मेशवर खर्च केलेले कोअर-अवर पाण्यात जातील.

आधी एम आणि व्ही कशामुळे होतात ते पाहू. नोझलमधून मिश्रण फिरत, शंकूसारखं फाकत बाहेर पडतं. त्याच्या आतल्या बाजूला गरम वायूचा एक भोवरा असतो, आणि बाहेरच्या बाजूला, म्हणजे चेंबरचा तळ आणि बाजूची भिंत यांच्या कोपऱ्यात, दुसरा. आतला भोवरा भिंतीला फारसा शिवत नाही, त्यामुळे तो कायम तापलेला राहतो आणि आतल्या शिअर लेयरवर (वेगवान आणि संथ वायूमधल्या थरावर) ज्योत टिकते. तिथे व्ही तयार होतो. बाहेरचा भोवरा मात्र तळपट्टी आणि क्वार्ट्‌झच्या काचांना घासतच फिरतो. भिंती अडायबॅटिक असतील तर हा कोपराही 2000 केल्विनच्या आसपास राहतो, बाहेरच्या शिअर लेयरलाही पेटवत राहतो आणि व्हीला दोन बाहेरचे पाय फुटून एम होतो. खऱ्या बर्नरमध्ये कोपऱ्यातला वायू काही शे केल्विनने थंड असतो. थंड जळित वायूला टेकलेली ज्योत कमी ताण (प्रवाहाची ओढ) सोसते, आणि नोझलच्या कडेला ताण तर सगळ्यात जास्त असतो, म्हणून बाहेरचे पाय तिथे विझतात. या बर्नरवरच्या प्रसिद्ध एलईएस अभ्यासांतही हेच दिसलं आहे: अडायबॅटिक भिंतींना एम, उष्णतेची गळती धरली की व्ही.

एडी डिसिपेशन मॉडेलने चकवलं, त्याचंही कारण सरळ आहे. त्यात ज्वलनाचा वेग एप्सिलॉन भागिले के (खळबळीचा ऱ्हासदर भागिले तिची ऊर्जा) या मिसळण्याच्या वेगावर ठरतो, तापमानाचा त्यात संबंधच नसतो. भिंतीजवळ एप्सिलॉन भागिले के वाढतं, म्हणजे जिथे ज्योत विझायला हवी नेमकी तिथेच मॉडेल ती जोरात पेटवतं. भट्टीतल्या मोठ्या डिफ्यूजन ज्योतीचा ढोबळ अंदाज घ्यायला ते चालेल, भिंतीवर विझणाऱ्या प्रीमिक्स्ड (इंधन-हवा आधीच मिसळलेल्या) ज्योतीसाठी नाही.

आता कागद-पेन घ्या. रन लावण्याआधी अर्ध्या तासाचा हा हिशेब केला की पुढचे आठवडे वाचतात.

मिथेनचं निम्न उष्मांक मूल्य किलोला 50 मेगाज्यूल. म्हणजे 30 किलोवॅटला सेकंदाला 0.6 ग्रॅम मिथेन, आणि त्यासोबत सुमारे 12.2 ग्रॅम हवा. एकूण 12.8 ग्रॅम. जळित वायूची विशिष्ट उष्णता सरासरी 1.35 किलोज्यूल प्रति किलो-केल्विन धरा. मग प्रवाहाची उष्णताक्षमता केल्विनला सुमारे 17 वॅट येते. हा आकडा डोक्यात ठेवाच: भिंतीतून गेलेला प्रत्येक किलोवॅट बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान साधारण 58 केल्विनने उतरवतो.

चेंबर 85 बाय 85 मिलिमीटर चौकोनी, उंची 114. बाजूच्या चार भिंतींचं क्षेत्रफळ 0.039 चौरस मीटर, काचेची जाडी 1.5 मिलिमीटर. आतून वायू 1850 केल्विनला आहे आणि उष्णता-संक्रमण गुणांक 100 वॅट प्रति चौरस मीटर-केल्विनच्या आसपास आहे असं धरू. बाहेर खोलीची हवा, नैसर्गिक संवहनाचा गुणांक 12. क्वार्ट्‌झ अर्धपारदर्शक आहे. साधारण 4 मायक्रॉनपर्यंतचं प्रारण तो आरपार जाऊ देतो, त्यामुळे 1200 केल्विनला त्याची प्रभावी उत्सर्जकता 0.9 धरणं चूक ठरतं. 0.45 धरून पाहा. बाहेरचा पृष्ठभाग 1200 केल्विनला असेल तर प्रारणाने चौरस मीटरला सुमारे 53 किलोवॅट जातात आणि संवहनाने 11, मिळून 64. काचेची वाहकता 2 वॅट प्रति मीटर-केल्विन धरली तर एवढ्या प्रवाहाला जाडीत फक्त 48 केल्विनचा फरक लागतो. म्हणजे आतला पृष्ठभाग 1250, आणि आतून येणारा प्रवाह 600 गुणिले 100 म्हणजे 60. हिशेब जवळपास बसला. बाजूच्या भिंतींतून गळती सुमारे 2.5 किलोवॅट.

याच हिशेबात उत्सर्जकता 0.9 घालून बघा. बाहेरचा पृष्ठभाग 1070 च्या आसपास स्थिरावतो, म्हणजे भिंत 130 केल्विनने थंड झाली, पण गळती वाढली ती अर्ध्या किलोवॅटहूनही कमी. एकूण गळती उत्सर्जकतेला फारशी दाद देत नाही, भिंतीचं तापमान मात्र देतं. म्हणून नुसती बाहेर पडणाऱ्या वायूची सरासरी जुळली म्हणून भिंत बरोबर आहे असं समजू नका.

आता 300 केल्विनच्या भिंतीचं बघू. तोच गुणांक, तळपट्टी धरून क्षेत्रफळ 0.045, तापमानातला फरक 1550. गळती 7 किलोवॅट, म्हणजे शक्तीचा जवळजवळ पाव हिस्सा. हे पाण्याने थंड केलेल्या चेंबरचं चित्र झालं, काचेच्या चेंबरचं नाही. शिवाय तुम्ही ही उडी चालू रनमध्ये एका टाइमस्टेपमध्ये मारली असणार.

तळपट्टीचं गणित निराळं आहे. ती धातूची आहे आणि तिच्या मागून ताजं मिश्रण येत असतं, त्यामुळे ती काचेपेक्षा बरीच थंड राहते. 600 ते 800 केल्विनच्या दरम्यानचं तापमान घेऊन सुरुवात करा आणि शंभर केल्विन वर-खाली करून ज्योतीचा पाया हलतो का ते बघा. तळपट्टीतून गेलेली उष्णता वाया जात नाही, ती ताज्या मिश्रणात परत येते, हे बहुतेक जण विसरतात. ताज्या प्रवाहाची क्षमता केल्विनला 13 वॅट. 300 वॅट परत आले तर मिश्रण 23 केल्विनने तापतं, आणि मिथेनचा लॅमिनार ज्योतवेग तापमानाच्या साधारण 1.6 ते 1.7 व्या घाताने वाढतो, म्हणजे 12-13 टक्के वाढला. इनलेटला मोजलेलं तापमान टाका, खोलीचं नको. आणि मोजलेल्या तापमानात ही वाढ आधीच आली असेल तर ती दुसऱ्यांदा धरू नका.

बाउंडरी कंडिशनकडे येऊ. काचेवर ठरावीक तापमान न देता बाहेरून रॉबिन कंडिशन द्या: बाहेरचा गुणांक, भोवतालचं तापमान, काचेची जाडी, वाहकता आणि उत्सर्जकता. ओपनफोममध्ये बाहेरच्या उष्णताप्रवाहासाठी अशी तयार कंडिशन आहे, तिच्यात थरांची जाडी आणि वाहकता देता येते. ती गुणांकाच्या मोडमध्येच वापरा, आणि उत्सर्जकतेची ओळ तुमच्या आवृत्तीत खरोखर वाचली जाते का, हे एका सेलच्या खेळण्यातल्या केसवर तपासा. काचेचा बायो अंक (काचेतला उष्णतारोध भागिले तिच्या पृष्ठभागावरचा) 0.1 च्या खाली आहे, त्यामुळे जाडीतला फरक गौण. पण काचेच्या लांबीत, तळापासून वरपर्यंत, तापमान बरंच बदलतं आणि कोपऱ्यांतले धातूचे खांब उष्णता ओढतात. तेवढी बारकाई हवी असेल तर काच घन भाग म्हणून मेश करा आणि कॉन्जुगेट गणना करा, म्हणजे वायू आणि काच एकत्र सोडवा.

कॉन्जुगेट करताना सापळा वेळेचा आहे. काचेची उष्णताक्षमता चौरस मीटरला सुमारे 3600 ज्यूल प्रति केल्विन, आतला-बाहेरचा मिळून परिणामी गुणांक 300 च्या आत-बाहेर. म्हणजे काच स्थिरावायला 12 सेकंदांच्या घरातला कालांक लागतो. चेंबरमध्ये वायू राहतो 11 मिलिसेकंद. हजारपट फरक. एलईएसमध्ये दोन्ही एकाच घड्याळावर चालवले तर काच हलणारच नाही, सुरुवातीला दिलेलं तापमानच शेवटपर्यंत दिसेल, आणि रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान उतरल्यामुळे कुणाला शंकाही येणार नाही. यावर मार्ग दोन. एक, काचेची विशिष्ट उष्णता शंभर ते हजारपट कमी करायची. सरासरी स्थितीवर याचा परिणाम होत नाही, फक्त तापमानाचे चढउतार खोटे वाढतात, म्हणून शेवटी खरी किंमत परत घालून थोडं चालवायचं. दोन, वायूकडचा सरासरी उष्णताप्रवाह 10-20 मिलिसेकंद गोळा करायचा, काचेचा स्थिर हिशेब वेगळा सोडवायचा, नवं तापमान निम्म्या रिलॅक्सेशनने (जुन्या-नव्यातला निम्माच फरक घेऊन) परत द्यायचं आणि चार-पाच फेऱ्या करायच्या. दुसरा मार्ग हाताळायला वेळखाऊ असला तरी खात्रीचा आहे. रॉबिन कंडिशनमध्ये काचेची क्षमताच नसते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून पहिला रन तिच्यावरच करा.

मेशबद्दल. गरम वायूत भिंतीजवळचा मेश वाटतो तेवढा महाग नसतो. 1500 केल्विनला हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 300 केल्विनच्या जवळजवळ 15 पट असते. घर्षणवेग सेकंदाला 1 मीटर धरला तर वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) 1 साठी पहिला बिंदू भिंतीपासून 0.2 ते 0.25 मिलिमीटरवर पुरतो. चेंबरच्या भिंतींवर वॉल फंक्शन (भिंतीलगतच्या थराऐवजी वापरायचं तयार सूत्र) न वापरता सरळ रिझॉल्व्ह करा. नोझल आणि स्वर्लरमध्ये मात्र थंड वायू सेकंदाला 40-50 मीटरने धावतो, तिथे वाय-प्लस 1 म्हणजे 10 मायक्रॉनच्याही खाली. तिथे वॉल फंक्शन ठेवा. सगळीकडे एकच सेटिंग लावणं हीच इथली नेहमीची चूक. स्थिर घनतेसाठी बनवलेली वॉल फंक्शन चेंबरच्या भिंतीवर लावली तर उष्णताप्रवाह चांगलाच हुकतो, कारण सीमाथरात घनता दुप्पट होते आणि त्या सूत्रांना त्याचा पत्ता नसतो.

आता केमिस्ट्री. जीआरआय-मेक 3.0 या मिथेन-ज्वलनाच्या तपशीलवार यादीत 53 घटक आणि 325 अभिक्रिया आहेत. ती एलईएसमध्ये प्रत्येक सेलला सोडवू नका, ती टेबल बनवायला वापरा. फ्लेमलेट-जनरेटेड मॅनिफोल्ड, म्हणजे आधी सोडवलेल्या एकमितीय ज्योतींचं (फ्लेमलेटचं) टेबल घेणार असाल तर टेबलला मिक्स्चर फ्रॅक्शन (इंधनाचा वाटा) आणि प्रोग्रेस व्हेरिएबल (ज्वलन किती पुढे गेलं) यांच्या जोडीला एन्थाल्पी (वायूतली एकूण उष्णता) हा तिसरा अक्ष हवाच. इथेच बहुतेकांचं टेबल तोकडं पडतं, आणि तुमची ज्योत विझण्यातही याचा वाटा असू शकतो.

किती एन्थाल्पी कमी व्हायला हवी ते पाहा. या मिश्रणात किलोमागे सुमारे 2.3 मेगाज्यूल रासायनिक ऊर्जा आहे आणि अडायबॅटिक तापमान 2040 केल्विनच्या आसपास येतं. काही जण इनलेटचं तापमान 300 वरून 200 केल्विनला नेऊन कमी एन्थाल्पीचे फ्लेमलेट बनवतात. त्याने मिळतात फक्त 0.1 मेगाज्यूल. कोपऱ्यातला 1500 केल्विनचा वायू यायला 0.7 लागतात. म्हणून कॅन्टेरा या ज्वलन-गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये बर्नरवर टेकलेली ज्योत सोडवा. मुक्त ज्योतीचा मास फ्लक्स घ्या, तो पायरीपायरीने कमी करत न्या. फ्लक्स घटला की ज्योत बर्नरला जास्त उष्णता देते आणि जळित वायू थंड होत जातो. एका टप्प्यावर उत्तर सापडेनासं होतं, साधारण 1500 केल्विनच्या पातळीला. त्याच्या खाली, भिंतीच्या तापमानापर्यंत, जळित वायूची रचना गोठवून फक्त तापमान उतरवा आणि प्रोग्रेस व्हेरिएबलचा सोर्स (वाढीचा वेग) हळूहळू शून्यावर न्या. टेबलची हद्द संपली की सॉल्व्हर काय करतो ते आवर्जून बघा. काही कोड शेवटची किंमत धरून ठेवतात, म्हणजे थंड भिंतीवरही 1500 केल्विनचा सोर्स लागू राहतो. काही थेट शून्य करतात, आणि मग कोपऱ्यातून सुरू झालेलं विझणं आतपर्यंत पोचतं. एका फ्रेममध्ये एन्थाल्पी टेबलबाहेर गेलेले सेल रंगवून पाहा. ते भिंतीलगतच्या एक-दोन थरांपुरते असतील तर ठीक, कोपरा भरून असतील तर टेबल वाढवा.

टेबलऐवजी दोन-टप्प्यांची मेकॅनिझम (अभिक्रियांची यादी) आणि थिकन्ड फ्लेम (मेशवर मावावी म्हणून मुद्दाम जाड केलेली ज्योत) वापरत असाल तर दोन गोष्टी. पहिली, अशा मेकॅनिझम अडायबॅटिक ज्योतवेगावर बसवलेल्या असतात. गळती आणि ताण एकत्र आले की ज्योत कधी विझते हे त्यांना नीट कळत नाही, आणि तुमचा एम-व्हीचा निकाल तर त्याच्यावरच लागणार आहे. डीआरएम19 सारखी वीसेक घटकांची मेकॅनिझम परवडत असेल तर ती घ्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्योत आठपट जाड केली की तिचं भिंतीपासूनचं विझण्याचं अंतरही आठपट होतं. खरं अंतर मिलिमीटरच्या आसपास असतं, तुमच्या रनमध्ये ते सेंटिमीटरच्या घरात जातं, आणि 85 मिलिमीटरच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी तेवढी पट्टी गेली की उरलं काय? ज्योत भिंतीला जिथे भिडते तेवढ्याच पट्ट्यात मेश 0.2 मिलिमीटरवर आणा, म्हणजे थिकनिंग दोन-तीनवर उतरेल, आणि एफिशियन्सी फंक्शन (जाड केल्याने हरवलेल्या सुरकुत्यांची भरपाई) तिथे 1 ला बांधा. या मिश्रणाची ज्योत सुमारे अर्धा मिलिमीटर जाड आहे, त्यावरून हे आकडे आले आहेत.

कार्बन मोनॉक्साइड भिंतीपाशी जुळेल अशी अपेक्षा एन्थाल्पीच्या टेबलकडूनही ठेवू नका. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात भिंतीच्या बाजूने विझणाऱ्या मिथेन ज्योतीवर जे काम झालं त्यात हे स्पष्ट झालं आहे: बर्नरवर टेकलेल्या ज्योतींवरून केलेलं टेबल तापमान पकडतं, कार्बन मोनॉक्साइड नाही, कारण विझताना वायूचं भिंतीच्या दिशेने विसरण होत जातं आणि तो इतिहास टेबलमध्ये नसतो. त्यासाठी भिंतीवर आदळून विझणाऱ्या ज्योतीचे फ्लेमलेट घ्यावे लागतात. तुमचा प्रश्न आकाराचा आहे, तूर्त हे सोडून द्या.

वायूचं स्वतःचं प्रारण लहान आहे, पण शून्य नाही. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून जळित वायूचा चौथा हिस्सा होतात, चेंबरची सरासरी किरणलांबी 5-6 सेंटिमीटर. उत्सर्जकता 0.03 ते 0.04 निघते, गळती एक किलोवॅटच्या पुढे-मागे, म्हणजे सुमारे 60 केल्विन. आकारासाठी ते वगळलं तरी चालेल. नायट्रिक ऑक्साइड हवं असेल तर वगळू नका: 2000 चे 1900 केल्विन झाले की नायट्रिक ऑक्साइड बनण्याच्या झेल्डोविच यंत्रणेतल्या पहिल्या अभिक्रियेचा वेगांक एकटाच अडीच ते तीन पटीने घटतो.

रनचा क्रम असा ठेवा. आधी थंड प्रवाह, वेगाचे प्रोफाइल मोजमापांशी ताडून. ते जुळत नसेल तर पुढे जाऊच नका. मग अडायबॅटिक भिंतींनी पेटवा आणि तीन-चार रेसिडन्स टाइम (वायू चेंबरमध्ये राहण्याचा वेळ), म्हणजे 40 मिलिसेकंद चालवा. एम दिसेल, दिसू द्या. मग काच 1200 आणि तळ 700 केल्विनला, पण तिथवर 10 मिलिसेकंदांत रॅम्पने जा. आणखी 40 मिलिसेकंद. बाहेरचे पाय गळून पडायला लागतात ते इथे. त्यानंतर काचेवर रॉबिन कंडिशन. सरासरी शेवटच्या 100 मिलिसेकंदांची. कॉम्प्रेसिबल सॉल्व्हर असेल तर टाइमस्टेप 0.3 मायक्रोसेकंदाच्या घरात येतो, म्हणजे फक्त सरासरीलाच तीन लाखांवर स्टेप. लो-माख (ध्वनिलहरी वगळणाऱ्या) सॉल्व्हरला याच्या दहावा-विसावा हिस्सा पुरतो.

तपासणी एकच, पण टाळू नका: 30 किलोवॅट वजा भिंतींतून गेलेले वजा वायूसोबत बाहेर गेलेले, ही बाकी 0.3 किलोवॅटच्या आत हवी. जास्त येत असेल तर एक तर सरासरी अपुरी आहे, किंवा टेबलमधलं तापमान आणि सोडवलेली एन्थाल्पी एकमेकांशी जुळत नाहीत. मग तापमानाची तुलना नोझलपासून 6 ते 20 मिलिमीटर उंचीवर करा, आणि अक्षावर न बघता त्रिज्येच्या बाहेरच्या टोकाला बघा. कोपऱ्याचं तापमान तिथे कळतं. वरच्या भागात सगळीच मॉडेलं बरी दिसतात.

कडेचं तापमान जुळलं, तरी एम जात नसेल तर मग मेश बारीक करा, तोही नोझलच्या कडेला. आणि फाय 0.7, 25 किलोवॅटची केस इतक्यात घेऊ नका. ती 290 हर्ट्‌झच्या आसपास स्पंदन करते. इंधन स्वर्लरमधल्या बारीक छिद्रांतून येत असल्यामुळे मिश्रणही त्या तालावर पातळ-दाट होतं, आणि त्यासाठी प्लेनम (स्वर्लरआधीची हवेची पेटी) आणि इंधनाच्या छिद्रांसकट सगळी भूमिती, शिवाय कॉम्प्रेसिबल सॉल्व्हर लागेल.